चारशे खण आणि एक फुटबाल

मी, लीलाधर उदाराम पटले, वय ७१, धंदा पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणे, राहणार आमगाव, जि. गोंदिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. 'आज' हा शब्द मुद्दाम घातला आहे. मला विसरण्याचा आजार लागला आहे आणि तो वाढणार आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी सुमित्राबाई हिला. ठेव कशावर उडवावी हे तिला कोणी शिकवू नये. तिच्यामागे घर मुलगा हेमेंद्र याचे.

२. दुकान, मालासह, सून सौ. नीतू हिला. हेमेंद्र शिक्षक आहे. त्याला वॉशर आणि मेदूवडा यांतला फरक कळत नाही, हे त्यालाही मान्य आहे.

कारण लिहून ठेवतो. दुकानातल्या चारशे खणांत काय आहे ते फक्त माझ्या डोक्यात असे. २००६ साली नीतूने संगणक आणला. विकणारा म्हणाला, "अंकल, दो दिन में सीख जाओगे." मला दोन वर्षे लागली. त्याला मी माफ केलेले नाही.

पहिल्याच आठवड्यात चिचगडचे केवलराम आले. "एक फुटबाल द्या जी." संगणक म्हणाला, नाही. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी बसणाऱ्या त्या वस्तूचे कंपनीच्या यादीतले नाव फूट व्हॉल्व्ह! मी पोट धरून हसलो. नीतूने मात्र माझ्यासमोर ठाण मांडून गिऱ्हाइकांच्या तोंडची एकूणएक नावे भरून घेतली.

कबुली देतो. ती जेवायला गेली की संगणक खोटा पडावा म्हणून मी खणांतला माल इकडचा तिकडे करीत असे. एक दिवस ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही रोज हलवून राहिले, मी रोज परत लावून राहिली. कायले दोघंही थकाचं?" मी लाजलो आणि थांबलो.

मागच्या दिवाळीत फुटबाल हातात होता, गिऱ्हाईक समोर होते आणि नाव आठवेना. मी फार घाबरलो. नीतूने खणाचा नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझाच शब्द होता.

३. संगणक बिघडला तर खुशाल नवा घ्यावा. नावे बदलू नयेत.

४. नीतू, हे कलम मी जिवंत असतानाच लागू समज. एखाद्या दिवशी मी दुकानात येऊन विचारीन, "बाई, तुम्ही कोणाच्या?" तेव्हा रडू नकोस. स्टूल दे, चहा मागव, काय पाहिजे ते विचार. मी जे नाव सांगीन ते चुकले म्हणू नकोस, यादीत भर.

वरील मजकूर स्वतः वाचला, पटला. मी दोन्ही साक्षीदारांसमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

लीलाधर उदाराम पटले (सही)

साक्षीदार:
१. केवलराम सुखराम राऊत, चिचगड (सही)
२. नंदलाल कन्हैयालाल बिसेन, आमगाव (सही)

आमगाव, दि. ३ फेब्रुवारी २०१३