आमचं खाचर हिरवंच

१२ ऑगस्ट, अंगारकी
कृषी सहायक गौतमी मॅडमनी मोबाइलात 'शेतनजर' ॲप घालून दिलं. भाताचे फोटो टाकायचे. रोग दिसला की नकाशावर ते खाचर आपण तांबडं करायचं, नाहीतर हिरवं. एक तांबडं झालं की शेजारच्यांना लगेच मेसेज, म्हणजे ते वेळेत फवारतात. आमच्या भागात बायकांत मॅट्रिक मी एकटी, म्हणून बारा खाचरांची नोंद माझ्याकडे. बाप्पाला माणूस कळतो.

१४ ऑगस्ट
गेल्या वर्षीचा उरलेला युरिया सापडला. भाताला एकदा दिलाय, तरी टाकला. जास्त दिला तर रोग येतो म्हणे मॅडम. पगारी माणसाला वाया जाण्याचं दुःख काय कळणार!

१८ ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार
उपास. भात असं हिरवं काळंभोर झालंय की गोजराबाई बांधावर थांबून बघत होत्या. बांधापलीकडचं खाचर त्यांचं. नात्यानं चुलत जाऊ. बघू देत.

२१ ऑगस्ट, सकाळी ७
आमच्या पानांवर डोळ्यासारखे ठिपके. मध्ये राखाडी, कडेनं तपकिरी. मॅडमनी दिलेल्या करपा रोगाच्या चित्रात असेच आहेत, पण त्या चित्रातले मोठे होते. नोंद: निरोगी. उद्यापासून रामरक्षा म्हणत बांधावरून रोज फेरी.

२३ ऑगस्ट
ठिपके वाढले. फेरी चिखलामुळे राहिली. तांबडं केलं असतं, पण नोंद ठेवणारीचंच खाचर तांबडं दिसलं तर लोकांचा ॲपवरचा विश्वास उडायचा. गावाचं हित पाहिलं. मागच्या आठवड्यातला फोटो टाकला.

२६ ऑगस्ट, हरतालिका
गोजराबाईंच्या भातावर तस्सेच ठिपके! निर्जळी उपासात पळत जाऊन फोटो काढला, तांबडं केलं. कर्तव्यात नातं आणू नये. त्या म्हणाल्या, माझ्या आदी कुनाचंच न्हाई का आलं गं? चार दिस आदी कळलं आस्तं तर फवारलं आस्तं. वरसाचं खायाचं भात हितंच हाय माझं. मी म्हटलं, कुणापासून तरी सुरुवात व्हायचीच.

३१ ऑगस्ट, गौरी आल्या
हैबतराव, कोंडिबा, धोंडाबाई, सगळे तांबडे. एकटीनं केले. आमचे हे म्हणाले, आपलंबी कर की आता. सणासुदीचं अभद्र बोलू नये एवढं यांना कळत नाही.

४ सप्टेंबर
मॅडमचा फोन. अकरा खाचरं तांबडी, मधोमध आमचं एकच हिरवं! सोमवारी तालुक्याचे साहेब चाळीस शेतकरी घेऊन ते बघायला येणार. मी दोन शब्द बोलायचे. विषय ठरवला: श्रद्धा आणि नियमितपणा. आमचे हे म्हणाले, अगं पन त्ये जळालंय. म्हटलं, लांबून कळत नाही.

८ सप्टेंबर, पितृपक्ष लागला
लोक जवळ गेले.

भाषण झालं नाही. साहेबांनी नकाशाला तारखा लावून दाखवल्या. रोग आमच्या खाचराभोवती गोल गोल बाहेर गेलाय. मॅडमनी माझ्याच मोबाइलवर आमचं तांबडं केलं. ॲपनं विचारलं, पहिल्यांदा कधी दिसला? मी म्हटलं, आठवत नाही.

आमचे हे म्हणाले, वहीत बघ की, तू समदं लिवतीस. आणि स्वतःच घरातून घेऊन आले. देवाच्या फळीवरून!

गोजराबाईंनी वही हातात घेतली. तिसरी शिकलेल्या आहेत. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: एकवीस ऑगस्ट, सकाळी सात.

माझं अक्षर सुवाच्य आहे. कुठंही अडल्या नाहीत.