मानेचा भोपळा

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मामा,

आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दुसऱ्या जातीचे परागकण पडले तरी फळ आईच्याच आकाराचं येतं ना? मग मिसळ झाली हे कळायचं कधी?" मी म्हणाले, "पुढच्या वर्षी. त्या फळातलं बी पेरल्यावर." मग खडू ठेवला, तास लवकर सोडला आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. तरी लिहिते.

तुझा तो कडू भोपळा आठवतो? पेठकडच्या आपल्या पाड्यावर, घरामागच्या मांडवावर एकच वेल असायचा. त्याची भाजी नाही की काही नाही, तो फक्त तुझ्या तारप्यासाठी. तारप्याच्या भोपळ्याला लांब, जराशी वाकलेली मान लागते, कारण वाजवणारा त्या मानेतूनच फुंकतो. आसपासच्या पाड्यांत तसा भोपळा पिकवणारा आणि तारपा बांधणारा तू एकटाच होतास.

एकदा सुट्टीत तू मला मांडवाखाली उभं केलंस. पांढरी कळी अजून उमललीही नव्हती, आणि तिच्या मागं बोटभर भोपळा, चिमुकल्या मानेसकट. "फुलाच्या आधीच त्याला ठावं असतं, आपण कसं व्हायचं ते," तू म्हणालास. मी हसले होते. शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते ना! आता इंटरनेटवरून उतरवलेली पानं वर्गात वाचून दाखवते. फळ लांब की गोल, हे ठरवणारी कितीतरी जनुकं फूल उमलण्याआधीच कामाला लागलेली असतात, असं त्यात लिहिलंय. तू ते नुसतं बघून सांगितलं होतंस.

त्याच पावसाळ्यात मी कॉलेजातून सुधारित दुधीचं बी आणलं. सरळ, लांब, एकसारखा दुधी. मामीला भाजीला होईल म्हणून तुझ्या मांडवाशेजारी लावायला निघाले, तर तू आडवा आलास. "भोपळ्याशेजारी भोपळा लावायचा नाय, पोरी."

"का?"

"आमचा बाप लावत नव्हता."

यावर मी जो शहाणपणा पाजळला, तो आठवला की अजून कान तापतात. बापाची रीत म्हणजे शास्त्र नव्हे, फूल शेजारचं असलं म्हणून फळ बिघडत नाही, वगैरे. तू मामीकडे बघून म्हणालास, "शिकलेली भाची म्हणते तर लावू." का ऐकलंस रे माझं? तुझ्या मांडवावर तुझा शब्द चालायला हवा होता.

दिवाळीत आले तर तुझ्या वेलावर सगळे भोपळे मानेचे. मी एक उचलून तुझ्यासमोर नाचवला. "बघ, मान जागच्या जागी!" तू हसत म्हणालास, "हरलो बाई." त्याच भोपळ्याचं बी तू चुलीवरच्या धुरात टांगलंस, आणि दरवर्षीसारखं उरलेलं जुनं बी ओढ्यात सोडलंस. मी काठावर उभी होते.

पुढच्या वर्षी वेल जोमानं आला. भोपळे लागले ते धड लांब नाहीत, धड गोल नाहीत, आणि मान तर एकालाही नाही. वाळवायला टांगले तसे तडकले. तू ते ओट्यावर मांडून बसला होतास. मला म्हणालास, "माझा हात गेला, पोरी. पेरताना कायतरी चुकलं बघ."

मामा, मला तेव्हा सगळं माहीत होतं. आधल्याच महिन्यात कॉलेजात तो धडा झाला होता. फळाचं अंग आईचं असतं, शेजारच्या वेलाची करणी आत बियांत लपून बसते. बाकावर बसल्या बसल्या मला तुझा मांडव दिसला होता. तुला एवढंच सांगायचं होतं की चूक माझी आहे. पण पाड्यातली पहिली शिकलेली पोर, तीच चुकली, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी." लाज वाटते लिहायला.

तुझा जुना तारपा त्याच वर्षी चिरला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला, तारप्यावर नाचायच्या सणाला, कुणीतरी टेप आणला आणि पोरं त्यावर नाचली. तू कुडाला टेकून बसला होतास. म्हाताऱ्या बायका विचारायच्या, तारपा का नाय, आणि तू प्रत्येकीला तेच सांगायचास, "माझा हात गेला." मी दोन हात अंतरावर बसून ऐकत होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात तू मांडव घातलाच नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलास. निरोप एस.टी.डी. बूथवर आला. मी पोहोचले तेव्हा मामी आणि घरामागचा मांडवाचा रिकामा कोपरा, एवढंच उरलं होतं.

तुझ्या दहाव्याला त्या बिघडलेल्या भोपळ्यांचं मूठभर बी मी पदरात बांधून आणलं. मानेचा गुण नाहीसा झालेला नाही, त्या बियांतच विखुरलेला आहे. म्हणून दरवर्षी पेरते, परके परागकण पडू नयेत म्हणून कळ्यांना कागदी पिशव्या बांधते, त्यातल्या त्यात मान असलेल्याचं बी ठेवते. यंदा एकाला अंगठ्याएवढी मान आलीय. फुंकायला ती पुरत नाही.

खरं सांगू? पुरा भोपळा हातात आला की मगच पाड्यावर जाऊन बोलायचं, असं म्हणत मी आठ वर्षं काढली. ही पण माझी लबाडीच. मामी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, शेवटी शेवटी आमच्या माणसाचा हात गेला होता.

या वाघबारशीला मी येते. सगळे अंगणात जमले की उभी राहून सांगते, मामाचा हात कधीच गेला नव्हता, भोपळ्याशेजारी भोपळा मी लावला होता. मामी विचारेल, "मंग तवाच का नाय बोललीस?" तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भोपळा तयार नाही, तेव्हा रिकाम्या हातानं येईन. पण येईन.

तुझी शिकलेली भाची,
सुमन