भोंगा झाल्यावर

सातपूर, नाशिक
मे २००६

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

खरं सांगते, तू समुद्रात तेलाच्या रिगवर नोकरी करतोस यावर माझा विश्वासच नव्हता. पंधरा दिवस काम, पंधरा दिवस घरी आणि पगार अख्ख्या महिन्याचा? असं कोण देतं! त्यात आता धाकट्या मिलिंदलाही तिथेच चिकटवतो म्हणालास.

आज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. लहानपणी तो ऐकून तू कूस बदलून झोपायचास. आज मात्र हातातला चहा तसाच सोडून उठलास, आईला आणि मिलिंदला दंडाला धरून दाराबाहेर काढलंस, मलाही ओढलंस. बोट दाखवत आम्हाला मोजलंस. पुन्हा मोजलंस. मग भानावर येऊन हसलास, "रिगवरची सवय गं. तिकडे भोंगा झाला की सगळ्यांना बाहेर काढून मोजतात."

नोकरी खरी आहे, पटलं. पण दुसऱ्यांदा मोजून झाल्यावरही तुझं बोट आणखी कुणाला तरी शोधत होतं.

हे पत्र तुला देणार नाही, वाचून पुन्हा हसशील. मिलिंदची भरलेली बॅग मी कपाटात कुलपात ठेवली आहे. किल्ली मागायला आलास की तोंडावरच विचारीन: दादा, तिकडे मोजलंस तेव्हा कोण कमी भरलं होतं?

तुझी बहीण,
सुजाता