बेबेच्या गव्हात

२७ डिसेंबर २००१, गुरुवार

गोरक्षची रजा रद्द! सकाळी फोन आला, मीच उचलला. "आजी, सगळ्यांच्याच रजा रद्द झाल्यात. बॉर्डरला चाललोय." कुठल्या? "पंजाबच्या." मागं गाड्यांची घरघर. म्हटलं, लग्नाचं काय? हसला. "ते पलीकडच्यांना विचार."

दिल्लीला संसदेवर हल्ला झाला तेव्हापासून टीव्हीवर हेच चाललंय. माझ्या लेकानं, मोतीरामनं, सायखेड्याला व्याह्यांना कळवलं – रूपालीचं आणि गोरक्षचं फेब्रुवारीतलं लग्न लांबलं. साधना मेथीच्या जुड्या बांधता बांधता रडायला लागली. आई आहे, रडणारच. मी म्हटलं, जुड्या भिजवू नको, मार्केटात काळ्या पडतात. तर माझ्यावरच भडकली. सून आहे, भडकणारच.

नातू पूल बांधणाऱ्या पलटणीत आहे, म्हणून मी आतापर्यंत निर्धास्त होते. भांडणात पूल कोण बांधतं?

३० डिसेंबर

सीमा म्हणजे नेमकी असते कशी? टीव्हीवर काटेरी तार दाखवतात. तारेच्या अलीकडं हिरवं, पलीकडंही हिरवंच. बांध काही दिसला नाही. ओळखायचं कसं आपलं कुठवर?

संध्याकाळी लहानू गुरुजी भाजी न्यायला आले. गावातल्या शाळेतून रिटायर झाले, पण विचारलं की अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगतात. म्हणाले, "नवसाबाई, फाळणीच्या वेळी विलायतेहून एक साहेब आणला. त्यानं हा मुलूख आधी कधी पाहिलेला नव्हता. पाच आठवड्यांत रेघ मारून दिली न गेला परत."

पाच आठवडे! आमच्या आणि कुसाबाईच्या बांधाची मोजणी मागून सहा वर्षं झाली, मोजणीदार अजून जीपमधून उतरला नाही. मी म्हटलं, गुरुजी, त्या साहेबाचा पत्ता द्या. "मेला तो कधीच." मग दोन्हीकडची माणसं शिव्या कुणाला घालतात? गुरुजींनी पालकाची जुडी पिशवीत घातली. म्हणाले, "एकमेकांना."

३१ डिसेंबर

कुसाबाईनं यंदा पुन्हा नांगराचं एक तास बांध कोरला. जाऊ आहे म्हणून सोडलं. माझ्याकडं तोफ नाही हे तिचं नशीब.

१३ जानेवारी २००२, रविवार

फोन. काय करतोस रे? "पेरतोय." आत्ता कसली पेरणी? तिकडं गहू वर आला असेल. "त्याच गव्हात पेरतोय, आजी." मग, "फोनवर नाय बोलता येत."

तिसरी शिकलेय मी, पण एवढं कळतं. सुरुंग पेरतायत.

विचारलं, कुणाच्या शेतात? एका म्हातारीच्या. सगळे तिला बेबे म्हणतात. तारेला लागून शेत आहे. तिला विचारलं का? "ऑर्डर हाय, आजी."

मी म्हटलं, आपल्या मेथीत कुणी टिकाव घेऊन उतरला असता तर मी टिकावच हिसकावून घेतला असता. तर म्हणतो, "तिनं पण तेच केलं. टिकाव घेऊन बसली दोन दिवस. लय शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी ताक घेऊन आली."

बाई बरी दिसते.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणतात. कुसाबाई तिळगूळ घेऊन आली. घेतला. बोलले नाही.

३ मार्च, रविवार

आज गंमत झाली! गोरक्षचा फोन आला आणि म्हणाला, आजी, बेबेला तुझ्याशी बोलायचंय. मी हो म्हणेपर्यंत ती सुरूच झाली. खणखणीत आवाज, बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा. त्यातलं 'पुत्तर' कळलं, 'रोटी' कळलं. बाकीचं पाण्यासारखं वाहत गेलं. मग मी मराठीत बोलले. तीही हां हां करत होती. दोघी बोललो, दोघींना काही कळलं नाही, तरी कुणीच फोन ठेवेना.

नंतर गोरक्षनं सांगितलं ती काय म्हणत होती ते. गहू ओंबीवर आलाय, पण शेतात पाय टाकायला बंदी. पाखरं खातायत. एक कोल्हं उडालं. आणि म्हणे तिचं माहेर तारेपलीकडं आहे. छपरावर चढलं की माहेरच्या गावचं झाड दिसतं. फाळणीला इकडं आली ती परत गेली नाही.

मला हे लय वेळ कळेना. लांब असेल, विमानानं जावं लागत असेल, तर ठीक. पण झाड दिसतं! आमच्या मळ्यातून मखमलाबादच्या मारुतीचा कळस दिसतो तसं. मी एकदा भावाशी भांडून दोन वर्षं माहेरी गेले नव्हते. पण ती माझी मर्जी होती.

गोरक्षला म्हटलं, पलीकडचे पण पेरतायत का? "पेरतायत की." त्यांच्याकडं पण म्हाताऱ्या असतील. "असतील. त्यांच्या शिव्या इकडं ऐकू येतात कधी कधी."

सुरुंग केवढा असतो तेही विचारलं. बुटाच्या पॉलिशची डबी असते तेवढा. दोरी लावून, ओळीनं, नकाशा काढून पुरतात. मी म्हटलं, आम्ही पण दोरी लावतो. पण पाणी सोडलं की माती सरकते. घुशी असतात. जमिनीत टाकलेलं टाकलं तिथंच राहतं असं कुठं लिहिलंय? "नकाशात लिहिलंय, आजी." शहाणा आहे!

२० मे

आज लढाई होणार, उद्या होणार. टीव्हीवाले घसा बसेपर्यंत सांगतात. साधना सोमवार धरते आहे, शनिवार धरते आहे, आता जेवायला वारच उरला नाही.

मी हिशेब करते तो वेगळा. लाखो धडधाकट माणसं पाच महिने तारेशी नुसती उभी. आणि इथं खुरपणीला बाई मिळत नाही!

१८ ऑक्टोबर

लढाई झालीच नाही. फौजा मागं घेणार. मोतीरामनं पेढे आणले. साधना हसली, वर्षानं हसली.

मी विचारलं, पेरलेलं कोण काढणार?

मोतीराम म्हणाला, "तुम्हाला काय करायचं, आई. खा पेढा."

पेढा खाल्ला. चांगला होता.

२० ऑक्टोबर, रविवार

गोरक्षला फोनवर विचारलं. "ज्यांनी पेरलं तेच काढणार." म्हणजे दिवाळीला येत नाही. साधनाला सांगायचं काम माझ्यावर टाकलं भामट्यानं.

१० नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या तुकडीतला एक पोरगा काढताना पायानं गेला. गोरक्षनं हे बायकांना सांगू नका म्हणून फोनवर मोतीरामच्या कानात सांगितलं. मोतीराम ओरडला, "कुठला पाय?" सगळ्या आळीला कळलं.

डावा.

२ फेब्रुवारी २००३, रविवार

आला! सगळा आला. मी आधी पाय मोजले, मग तोंड पाहिलं. काळा पडलाय. शेत साफ करून, बेबेच्या ताब्यात देऊन आलाय. बेबेनं गुळाची ढेप दिली. ट्रंकेत फुटली, सगळ्या कपड्यांना मुंग्या. साधनानं त्या मुंग्या झटकताना पण तोंडभर हसून घेतलं. लग्न सतराला.

मळ्यात चालताना मात्र हा बांध सोडत नाही. सगळीकडं आधी खाली बघतो, मग पाऊल टाकतो. रूपालीनं पाहिलं तर म्हणेल नवऱ्याचं काही हरवलंय.

४ फेब्रुवारी

बटाटा काल काढून झाला. आज बाया सरवा वेचायला बसल्या. गोरक्ष बांधावर येऊन बसला. म्हणाला, "काल काढला ना हा तुकडा? मग परत काय उकरता?"

मी म्हटलं, विसरलास का रे? फौजेत गेला न माती विसरला? एका फेरीत काढलं तर मागं राहतंच. सरीखाली उतरतं, ढेकळात लपतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हातानं उकरून सरवा वेचायचा. बघ, पाटीभर निघाला.

"दरवर्षी राहतो?"

दरवर्षी राहतो. कुणाच्याही शेतात राहतो. तुमच्याकडं सरवा कोण वेचतं?

"आमच्याकडं मोजून पेरतात, आजी. मोजून काढतात."

मोजणी जुळली?

उठला. पाटावर जाऊन हात धुतले. मातीला हात लावला नव्हता तरी.

६ फेब्रुवारी

मला चैन पडेना. सकाळी चहाला परत विचारलं. साधना गोठ्याकडं गेली होती. किती पेरले होते बेबेच्या शेतात? बशी खाली ठेवली. मग म्हणाला, चारशे बारा.

निघाले किती? चारशे नऊ. दोन जनावरांनी फोडले, खड्डे सापडले.

माझं शिक्षण तिसरीचं. वजाबाकी तिसरीतलीच आहे. एक कुठं गेला?

"वरचे म्हणाले, तोपण जनावरानं फोडला असणार. खड्डा पावसात बुजला असणार. तसं लिहा."

लिहिलं कुणी?

"मी."

सही?

"माझी." मग म्हणाला, "सुट्टी अडली असती, आजी. लग्न परत गेलं असतं."

बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, पण चहा गार झाला होता. गार चहा मला चालत नाही, दुसरा ठेवला.

७ फेब्रुवारी

पण तो गेला कुठं असेल? डोक्यातून जाईना. दुपारी गोरक्षला अंगणात बसवलं, काठी दिली. म्हटलं, काढ तिचं शेत. त्यानं मातीत रेघा मारल्या. उतार कुणीकडं? तारेकडं. पाणी कुठून येतं? इकडून, खालातून – पाटाला तिकडं खाल म्हणतात. पावसाचं साचतं कुठं? या कोपऱ्यात. घुशी? "लय. बांधालाच." ओळी कुठून कुठवर? मी एकेक विचारायचे, तो एकेक दाखवायचा. सगळा मुलूख डोळ्यापुढं उभा राहिला. दोन तास बसलो. खोटं कशाला लिहू, मला मजा येत होती! बटाटा कुठं दडलाय हे शोधण्यासारखंच की.

मी काठी घेतली न खालच्या कोपऱ्यावर ठेवली. इथं. पाण्यानं इथवर आणला असणार. इथं शोधलंत?

"तिथं नकाशाच संपतो. आमच्या ओळी त्याच्या अलीकडंच थांबतात."

तिथं काय आहे?

"बाभूळ हाय एक."

सावली असेल. कोण बसतं तिथं?

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बेबे. भाकरी सोडते तिथं."

माझी मजा तिथंच संपली.

८ फेब्रुवारी

त्यांच्या गावातल्या दुकानात फोन आहे. गोरक्षनं लावला. दुकानदारानं बेबेला बोलवायला माणूस धाडला, आम्ही अर्धा तास फोनपाशी बसून. आली. हा हिंदीत सांगत होता: बेबे, त्या झाडाखाली जाऊ नको. शेतात नांगर घालू नको. थांब थोडी.

ती हसत होती. माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. मग काहीतरी बोलली आणि ठेवून दिला.

काय म्हणाली रे?

"म्हणते, कशाला घाबरवतोस म्हातारीला. कागद हाय माझ्याकडं, शेत साफ म्हणून. तुझीच सही हाय, पुत्तर. सोमवारी ट्रॅक्टर सांगितलाय."

साधनानं हे सगळं दारातून ऐकलं. मला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या तोंडाला कुलूप असतं तर माझं पोरगं आज हळदीच्या याद्या करत बसलं असतं." खरं आहे तिचं.

९ फेब्रुवारी, रविवार

गोरक्ष गेला. रजा मोडून. रात्रीच त्यानं फोन करून साहेबाला सगळं सांगितलं – सही खोटी आहे, आधी ट्रॅक्टर थांबवा. शिक्षा होणार आहे. पण शोधायला त्यालाच उतरवणार, शेत त्याच्याच माहितीचं. साधनानं दार अडवलं. मी तिला धरून बाजूला केलं. हाताला ओरखडा आहे माझ्या.

मोतीराम विचारतोय, सायखेड्याला काय कारण कळवू? म्हटलं, सांग – म्हातारीनं परत मोजायला लावलं.