ऐंशी पौंडांचं काय ते मी बघते

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. बाबा म्हणाले, कॅफेवाल्या मॅडमचं काम नीट पार पाडलंस तर प्रेसची कागदखरेदी तुझी. टेबलावर तंबूसारखी उभी राहणारी साठ मेन्यूकार्डं, सोमवारी उद्घाटन. कागद त्यांनी अमेरिकी मापात सांगितलाय: ‘ऐंशी पौंड कव्हर’. आपण जीएसएम वापरतो, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. नुसतं रूपांतर करायचं. किरकोळ.

दुपारी २
इंटरनेटवर सापडलं: पौंडाला १.४८ ने गुणा. आले ११८. सात वेळा गुणाकार केला, सातही वेळा ११८. इतकं काटेकोर या घराण्यात कोणी झालं नाही. हे ‘टेक्स्ट’चं, म्हणजे पुस्तकाच्या आतल्या पानांच्या कागदाचं होतं. शेजारी ‘कव्हर’ला २.७ लिहिलंय. छपाईची चूक. त्यांना कळवायला हवं.

४ मार्च
रूपांतराचा तक्ता भिंतीवर लावला. तीन रंगांत. बाबांनी मी आणलेला ११८ चा कागद चिमटीत धरून चोळला. म्हणाले, लेचापेचा वाटतोय गं, बोटांना विचार. म्हटलं, बोटांना दशांश चिन्ह कळत नाही. ते म्हणाले, बरं, काम तुझं. पटलं असणार.
मशीनवाले काका म्हणाले, ताई, कार्डं छापायची की पतंग? जुनी पिढी.

७ मार्च, रविवार, दुपारी ४
कॅफेत कार्डं मांडली. साठही ताठ! मॅडम खूश होणार एवढ्यात कोणीतरी पंखा लावला. साठांनी एका दमात लोटांगण घातलं. मी म्हटलं, पंख्याला वेग फार आहे. पंखा बंद केला. उभी केली, तर एकेक आपणहून आडवं झालं. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाइकाने मेन्यू वाचायला मान वाकडी करायची का? उद्या नऊला उभी कार्डं हवीत, नाहीतर काम दुसरीकडे.

सायंकाळी ५
पौंडाचा आकडा म्हणजे पाचशे तावांचं वजन. आणि कव्हरचा ताव टेक्स्टपेक्षा बराच लहान. लहान तावात तेवढंच वजन, म्हणजे कागद जाड. ऐंशी गुणिले २.७, हवे होते २१६. छपाईची चूक नव्हती.
रडले. पाचच मिनिटं. दुकानं बंद. पण ११८ दुणे २३६! आतून दुसरा कागद चिकटवला की झालं. वर वीस ग्रॅम फुकट!

सायंकाळी ७
जेवणाच्या टेबलावर अख्खं घर. आई डिंक लावते, बाबा अंगठ्याने दाबतात, मी देखरेख करते. आईने विचारलं, डिंकाचं वजन धरलंस का? धरलं नव्हतं. दादा खुर्चीवरून पडेपर्यंत हसला.

८ मार्च, सकाळी ११
उभी राहिली! पंखा फुल्ल, एकही हललं नाही. मॅडमनी हात हातात घेतले. प्रेसवर येऊन कागदखरेदीचं विचारलं. बाबा म्हणाले, तूर्तास डिंकखरेदी बघ. सुरुवात कुठूनतरी व्हायचीच. नव्या डब्यावर वजन औंसात होतं. म्हटलं, थांबा, रूपांतर करते.
बाबांनी डबा माझ्या हातातून घेतला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, पुरेल.