आत्याच्या वांग्यांसाठी माती

जळगाव, २ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वरूपास, हेमलता आत्याचे अ. उ. आ.

फोनवर तू बोललेलं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं मी मनाने जुळवते, म्हणून हे पत्र. शिवाय सोबतची पुडी फोनमधून कशी पाठवणार? पुडीत आमच्या परसातल्या भरताच्या वांग्याचं बी आहे. घर विकलं हे तुला कळलंच असेल. मार्चमध्ये मी अंशुमनकडे नाशिकला जाते, सहाव्या मजल्यावर. लेक चांगला आहे, सूनही जीव लावते. पण माझं मन काही तिकडे जायला तयार नाही.

घर घेणारे परसात फरशी घालणार आहेत. बाकीचं बी उंदरांनी खाल्लं, एवढंच उरलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचं हे वांगं. तुझ्याकडे रुजलं तर टिकेल, नाहीतर संपलं. दिल्लीची थंडी आहे, तेव्हा रोपं घरातच कर आणि होळीच्या सुमारास बाहेर लाव. तुझ्या हातून साधी मेथी उगवली नव्हती हे मी विसरलेले नाही. पण भरपूर ऊन येणारी बाल्कनी असलेली आपल्यात तूच एक.

सुरुचीला गोड पापा. कळवत राहा, माया आहेच.
तुझी आत्या

सरोजिनी नगर, नवी दिल्ली, २२ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

इथे दुपारपर्यंत धुकं असतं. सुरुचीची परीक्षा आणि माझ्या ऑफिसातलं इन्स्पेक्शन एकदमच आलंय. पण खरी बातमी ही, की बी पेरलेला ट्रे अजून ओसाडच आहे.

माती निवडताना मी फार विचार केला आणि तिथेच घोळ झाला. आम्ही दरवर्षी शाडूचा गणपती बादलीत विसर्जित करतो आणि ती माती कुंडीत जपून ठेवतो. टाकवत नाही ना! तुझ्या बियांना यापेक्षा चांगली माती कुठली, असं वाटून अर्धं बी तिच्यात पेरलं. आता वर भेगा, खाली चिखल आणि कोंबाचा पत्ता नाही. तुझे जावई म्हणतात की मी वांगी लावली नाहीत, फरशी घातली. मला अजिबात हसू आलं नाही.

करोल बागेच्या बाजूला एका नर्सरीत तयार मिश्रणाची गोणी पाहिली. बिल्कुल चलेगा, असं नर्सरीवाला म्हणाला; पण हात घातला तर जड लागली आणि कच्च्या शेणाचा वास आला. उरलेलं बी पेरायची भीती वाटते, आत्या. तू सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी स्वरूपा

जळगाव, २९ जानेवारी

चि. सौ. स्वरूपास, अ. उ. आ.

वेडाबाई! मूर्ती घडवायला लागते चिकट माती, म्हणून बीही तिच्यातच? शाडू पाणी धरून बसतो, वर कडक पापुद्रा येतो आणि कोवळा कोंब खालीच घुसमटतो. ती माती जास्वंदीच्या बुडाशी थोडी थोडी पसर. देव रागावणार नाही.

ती गोणी घेतली नाहीस हे उत्तम केलंस. बियाला सुरुवातीला खत लागत नाही, लागतो तो मऊ बिछाना. आमच्याकडचे रोपवाटिकेवाले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरतात. त्याची वीट भिजव आणि दोन-तीनदा धू, नाहीतर खार राहतो. त्यात मूठभर चाळलेलं जुनं गांडूळखत आणि थोडी जाड वाळू घाल. मग मूठ दाबून बघ: गोळा व्हावा, बोट लावताच सुटावा, पाणी मात्र गळू नये. वाफसा म्हणतात तो हाच. ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेव, तिथे ऊब असते. कोंब दिसला की लगेच खिडकीत.

आणि नाहीच आलं तर रडायचं नाही. मीही मनाची तयारी केली आहे. इथे परसात जाणं हल्ली मी सोडलंच आहे, बघवत नाही.

बी गेलं तरी माया जात नसते.
आत्या

सरोजिनी नगर, १८ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आली! सगळी नाहीत, पण सात रोपं आली!

वाफसा म्हणजे काय, हे दिल्लीत वाढलेल्या सुरुचीला माहीत नव्हतं. तिच्या मुठीत मिश्रण दाबून दाखवलं, तर तिने ट्रेचा ताबाच घेतला. शाळेतून आली की आधी फ्रिजपाशी. पहिला कोंब तिनेच पाहिला आणि एवढ्यांदा ओरडली की तुझे जावई दाढी अर्धवट टाकून धावत आले. आता रोपं खिडकीत आहेत. खरी पानं फुटू लागली आहेत, देठाला जांभळट झाक आहे. ती तशीच असते ना?

आत्या, तुझं वांगं संपलं नाही. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू!

लोभ आता सात रोपांनी वाढला असं समज.
तुझी स्वरूपा

जळगाव, २५ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरूपास, अनेक आशीर्वाद.

देठ तसाच असतो. पत्र वाचून मी रडले, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सामान बांधायला अंशुमन आला आहे. नाशिकच्या आधी मी दिल्लीला येते, रोपं बाहेर लावायला. तुझ्या एकटीच्या भरवशावर सोडणार नाही. जाताना त्यातली दोन घेऊन जाईन. म्हणून काल अंशुमनला विचारलं, की तुझ्या गॅलरीत ऊन कुठल्या बाजूने येतं. त्याने फ्लॅट घेतल्यापासून मी त्या घराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याने हातातली सुतळी टाकली. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, की सकाळचं येतं, आणि भरपूर येतं.

सर्वांना आशीर्वाद. बाकी माया प्रत्यक्ष भेटीत.
तुझी आत्या