बोटांची जुळणी

नाशिक, ४ ऑगस्ट २०२४

ती. विमलाताईस,
धम्मपालचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तृप्तीला डॉक्टरांनी घरी पाठवलंय. आता औषध फक्त दुखणं सोसण्यापुरतं. तिच्या कवितांचं पुस्तक तिच्या हातात पडावं, एवढंच मला करायचं होतं. तेही घालवलं गं! पहिल्या सोळापानी फर्म्याची मागची बाजू उलटी छापली. कागद वाया गेले. प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे आठच पानांपुरते, त्यामुळे छापलं की जुळणी मोडून खिळे परत खणात टाकतो. म्हणजे सगळं पुन्हा जुळवायचं. आणि खरं सांगू? साखरेनं माझे डोळे गेलेत. तिचं अक्षर दिसत नाही, हे पत्रही अंदाजानंच लिहितोय. तिला अजून सांगितलेलं नाही. काय करू मी?

या नालायकावर रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझा धम्मा

नांदगाव, ८ ऑगस्ट

चि. धम्मास अ. आ.

मेल्या, डोळे जाईपर्यंत गप्प बसलास! माझा अमित कॉम्प्युटरवर दोन दिवसांत करून देतो म्हणतोय, पण आपल्या नवऱ्याच्या खिळ्यांशिवाय तृप्तीला चालायचं नाही, ठाऊक आहे मला. अरे, आपले बाबा डोळे बांधून तुला खिळे वेचायला लावायचे ना? कुठला खिळा कुठल्या खणात, ते तुझ्या बोटांना पाठ आहे. डोळे लागतात ते मजकूर वाचायला. तो तिलाच सांगू दे. खणांची पेटी तिच्या खाटेशेजारी मांड. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते रे.

वेळेवर जेव. माझा जीव तुमच्यापाशीच आहे.
ताई

नाशिक, २२ ऑगस्ट

ती. ताईस सप्रेम जयभीम.

तू म्हणालीस तसंच केलं. डोळ्यांचं सांगितल्यावर तृप्ती हसली. म्हणाली, तू चहात मीठ घातलंस तेव्हाच कळलं होतं. ती पडल्या पडल्या कविता सांगायची, मी जुळवायचो, आपली तेजल मशीन चालवायची. लेक बापाच्या वरताण निघाली.

शेवटचं एक पान कोरं राहिलं होतं. परवा दुपारी तृप्तीनं त्यासाठी नवीच कविता सांगायला घेतली. ती कुठं लिहिलेली नव्हती. तीन ओळी झाल्या आणि म्हणाली, थांब जरा, सांगते. मी खिळा चिमटीत धरून थांबलो. बराच वेळ आवाज येईना, म्हणून चाचपडत हात पुढं केला. तिचा हात गार लागला.

काल तिला पोचवून आलो. तेजल म्हणते, बाबा, तीन ओळींवरच छापू. कसं छापू, ताई? तिनं मला थांब म्हटलंय.

तुझा धम्मा